मी, बाई आणि दीडची मात्रा

एका उबेवर स्थिर राहणं एवढंच माझं काम, आणि नेमकं तेच मला जमत नाही. दर चार-पाच मिनिटांनी माझ्या पोटात 'टक्' असा आवाज होतो आणि तारा तापतात. पुन्हा 'टक्', आणि तारा निवतात. ऊब जरा कमी झाली की घाबरायचं आणि जरा वाढली की पुन्हा घाबरायचं, असा माझा सगळा जन्म चालला आहे. मित्रांनो, मी एक जुना इनक्युबेटर आहे. आता लगेच दवाखान्यातली, नाजूक बाळांना ठेवतात ती काचेची पेटी डोळ्यांसमोर आणू नका. मीही ऊब देतो आणि वाढवतो, पण जंतूंना. नाक मुरडू नका. जंतू वाढवून पाहिल्याशिवाय ते मेले की जिवंत आहेत, हे कळणार कसं?

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. बाहेर एक पत्रा, आत एक पत्रा आणि दोघांच्या मध्ये काचेची लोकर भरलेली. पोटात जाळीच्या तीन फळ्या, आधी काचेचं दार, त्यावर जाड दार आणि दाराला रबराची कड. डोक्याला एक भोक आणि त्यातून वर डोकावणारा थर्मामीटर. ज्या कारागिराने माझं दार बसवलं त्याने ते तीनदा आपटून पाहिलं आणि म्हणाला, "लागतंय बरोबर. न्या याला." एवढंच काय ते माझं कौतुक झालं आणि मी खोक्यात बंद झालो.

खोकं उघडलं ते एका प्रयोगशाळेत. एका कंपनीत शिजवलेल्या मांसाचे पातळ काप करून ते पाकिटांत बंद करत आणि मग त्या पाकिटांवर किरण सोडत. ही प्रयोगशाळा त्या कंपनीची. किरणांची खोली मी कधी पाहिली नाही, पण तिच्याबद्दल इतकं ऐकलं आहे की तिचं चित्र काढून दाखवीन. पुरुषभर जाडीच्या भिंती, छताला फिरणारी साखळी, साखळीला टांगलेले पाळणे आणि पाळण्यांत पाकिटांची खोकी. खोकी एका दाराने आत जातात, हळूहळू फेरी मारतात आणि दुसऱ्या दाराने बाहेर येतात. किरण पुठ्ठ्यातून, प्लास्टिकमधून, मांसातून आरपार जातात आणि वाटेत सापडलेल्या जंतूंच्या आतला जीवनाचा धागाच तोडतात. मांस मात्र थंडच्या थंड राहतं. हे काप लोक पाकीट फोडून तसेच खातात, पुन्हा शिजवत नाहीत. म्हणजे किरण हा शेवटचा पहारेकरी. त्याच्या हातून जो जंतू निसटला, तो थेट माणसाच्या ताटात.

मग किरण सोडावेत तरी किती? कमी सोडले तर जंतू उरतात. जास्त सोडले तर मांसाला भिजलेल्या कुत्र्यासारखा वास येतो आणि कुणी तोंडाला लावत नाही. मधली मात्रा शोधायचं काम बाईंकडे आलं आणि बाईंच्या हाताखाली मी आलो.

बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. पांढरा कोट, खिशात दोन पेनं आणि तोंडात कायम एक वाक्य, "घाई करशील तर पुन्हा करशील." संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी त्या एका चंबूत पोषक रस घेत, त्यात जंतूंचा एक ठिपका सोडत आणि तो चंबू माझ्या मधल्या फळीवर ठेवत. दार लावताना माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणत, "सांभाळ रे पोरांना." आणि मी सांभाळत असे! रात्रभर सदतीस अंश म्हणजे सदतीस अंश. भूक नाही, थंडी नाही, कसली ददात नाही. सकाळी चंबूतला रस दुधाळ झालेला असे. बाई तो उजेडात धरून म्हणत, "वा! काय गुटगुटीत झालेत!" माझा पत्रा तेव्हा अभिमानाने फुगत असे, आणि लोक म्हणत की उष्णतेने पत्रा वाजतोय.

ते गुटगुटीत जंतू बाई मांसाच्या कापांवर सोडत, काप पाकिटात बंद करून किरणांच्या खोलीत पाठवत आणि परत आलेल्या कापांचा अर्क काचेच्या चपट्या बशांतल्या जेलीवर पसरत. या बशांना इथे प्लेट म्हणतात. प्लेट एक दिवस माझ्या पोटात राही. जो जंतू जिवंत असेल तो वाढून जेलीवर एक ठिपका दिसे. ठिपके मोजायचे, मात्रा थोडी वाढवायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. आठ महिने आम्ही हेच केलं. दीड किलोग्रे (किलोग्रे हे किरण मोजायचं माप) या मात्रेला प्लेट कोऱ्या आल्या. पुन्हा केलं, कोऱ्या. दहा वेळा केलं, दहाही वेळा कोऱ्या. कंपनीत पेढे वाटावेत तसा आनंद झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंचं अभिनंदन केलं. पुढची अकरा वर्षं प्रत्येक पाकीट दीडच्या मात्रेने निघालं. खानावळींत गेलं, वसतिगृहांत गेलं, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात गेलं.

या अकरा वर्षांत मी थकलो. दाराच्या रबराला चिरा पडल्या. माझं 'टक्' अधूनमधून अडकू लागलं. नवा इनक्युबेटर आला, तोंडावर लाल आकडे मिरवणारा, आवाज न करणारा. मला खिडकीखालच्या कोपऱ्यात सरकवलं. कुणी माझ्यात धुतलेल्या काचेच्या नळ्या वाळवायला ठेवी, कुणी ओले हातमोजे. डोक्यावर जुन्या फायलींचा ढीग आला. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण उभ्याउभ्या कुढत राहण्याशिवाय माझ्यासारख्याने करायचं काय?

अशात प्रयोगशाळेत एक नवी मुलगी नोकरीला लागली. चष्मा एवढा जाड की सगळे तिला चष्मिसच म्हणू लागले आणि तिनेही ते हसून चालवून घेतलं. ती फार प्रश्न विचारी. त्याच सुमारास एका मोठ्या इस्पितळाची मागणी आली. ज्या रुग्णांची ताकद आजाराने पार गेलेली असते, साधा जंतूही ज्यांना झेपत नाही, अशांच्या विभागासाठी त्यांना पाकिटं हवी होती. शनिवारी सकाळी दहाला पहिली गाडी निघणार होती. त्याआधी नेहमीप्रमाणे गुटगुटीत जंतूंवर दीडची मात्रा एकदा तपासून बाईंनी सही करायची, एवढीच औपचारिकता बाकी होती.

आधीच्या आठवड्यात तारांच्या दुरुस्तीसाठी माझ्या कोपऱ्यातली वीज तीन दिवस बंद राहणार होती. नवा इनक्युबेटर भरलेला, म्हणून चष्मिसने जंतूंचा चंबू माझ्यात ठेवला आणि विजेचं साफ विसरून गेली. मी पहिली रात्र ऊब दिली. मग वीज गेली. माझ्या पोटात हळूहळू गारठा भरला. चंबूतला रस खाऊन संपला होता, आणि संपल्यावर उरतं ते आंबट पाणी. माझी पोरं उपाशी, गारठलेली, आंबट पाण्यात पडून राहिली आणि मी काही करू शकलो नाही. तीन दिवस मी मुका उभा होतो.

सोमवारी चष्मिसने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. नियम असा की शिळा चंबू फेकायचा आणि नवा लावायचा. तिने नवा लावलाही. पण शिळा फेकवेना. मंगळवारी तिने ताजे आणि शिळे, दोन्ही जंतू मोजून सारखेच घेतले, वेगवेगळ्या कापांवर सोडले आणि दोन्ही पाकिटं दीडच्या मात्रेखालून काढली. बुधवारी दुपारी ताज्यांच्या प्लेट कोऱ्या निघाल्या. शिळ्यांच्या प्लेटवर मात्र ठिपकेच ठिपके होते.

"शिळ्याचा निकाल धरायचा नसतो," बाई म्हणाल्या. "कुठंतरी हात लागला असेल तुझा. आणि हा डबा आता भंगारात काढा, उगाच घोळ घालतो."

डबा म्हणजे मी. अकरा वर्षांपूर्वी माझ्या पत्र्यावर थाप मारणारे तेच हात आता माझ्याकडे बोट दाखवत होते. माझं 'टक्' मध्येच थांबलं.

"बाई, एक विचारू?" चष्मिस म्हणाली. "रागावू नका."

"विचार."

"काप करायच्या खोलीत जे जंतू असतील, त्यांना कोण उबवतं? तिथं तर हाडं गोठवणारी थंडी. मांसाला मीठ. रोज रात्री यंत्र आंबट पाण्यानं धुतात. तिथले जंतू ताज्यांसारखे असतील की या शिळ्यांसारखे?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या माझ्यासमोर बसल्या. मला मात्र आतून चर्र झालं, मित्रांनो. ज्या मायेची मी अकरा वर्षं फुशारकी मारली, तिनेच घात केला होता. मी वाढवलेले जंतू आरामात लोळलेले. पहिल्याच तडाख्याला आडवे होणारे. ज्याने थंडी सोसली, उपास काढले, आंबट पाणी पचवलं, तो आधीच सावध होऊन बसलेला असतो. तुटलेला धागा सांधायची त्याची हत्यारं तयारच असतात. किरण आले काय आणि आणखी काही आलं काय, तो म्हणतो, हेही सोसू. आम्ही परीक्षा घेतली ती लाडोबांची, आणि पास केलं ते रांगड्यांना.

"हातमोजे दे," बाई उठत म्हणाल्या. त्या स्वतः काप करायच्या खोलीत गेल्या. कापायच्या यंत्राचं पातं सोडवून त्याच्या पाठीमागची, बोट न पोहोचणारी फट त्यांनी पुसून घेतली. तो पुसलेला कापूस त्यांनी तसाच, अजिबात न उबवता, कापांवर फिरवला, पाकीट बंद केलं आणि दीडच्या मात्रेखालून काढलं. संध्याकाळी सहा प्लेट तयार झाल्या.

"नव्यात ठेवू?" चष्मिसने विचारलं.

"नव्यात रोजच्या कामाच्या प्लेट आहेत, त्यांत या मिसळायला नकोत. याच्यात ठेव. आणि एक दिवस नाही, तीन दिवस ठेवायच्या. अर्धमेल्याला उठून बसायला वेळ लागतो. दुपारच्या ठिपक्यांकडे बघ, किती बारीक आहेत. कदाचित आपण लवकर मोजत आलोय."

म्हणजे शनिवारची सकाळ. आणि सगळी भिस्त माझ्यावर! मी, ज्याचं 'टक्' अडकतं, ज्याच्या दारातून वारा शिरतो. माझी ऊब एका रात्रीपुरती जरी गेली असती तर ठिपके वर आले नसते, प्लेट कोऱ्या दिसल्या असत्या आणि गाडी सुटली असती. चष्मिसने रबराच्या चिरांवर चिकटपट्टी लावली. माझ्या डोक्यावरच्या फायली उतरवल्या. तासातासाला येऊन थर्मामीटर पाही, आणि 'टक्' अडकलं की बोटांच्या पेरांनी माझ्या कुशीत ठोका देई. घरी जायची वेळ झाली की पहारेकरी काकांना बजावून जाई, "काका, पारा छत्तीसच्या खाली आला तर असा ठोका मारा." काका म्हणत, "अगं, मी माझ्या नातवाला इतकं जपलं नाही."

गुरुवारी प्लेट कोऱ्या होत्या. साहेब स्वतः बघायला आले. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बाई, कोऱ्या आहेत की! आपला नियम एक दिवसाचा. करून टाका सही."

"शनिवारी करते."

"माल तयार आहे. मात्रा वाढवली तर वास येणार. आधीच त्या लोकांना घास जात नाही. वास आला तर उपाशी राहतील, त्याचा विचार करा ना." साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांचंही खरंच होतं.

"करतेय विचार. शनिवारी."

शुक्रवारीही प्लेट कोऱ्या होत्या. चष्मिसचा चेहरा उतरला. बाईंना दोनदा पेन काढून दोनदा खिशात ठेवताना मी पाहिलं. खरं सांगू? त्या दिवशी मला काय हवं होतं तेच मला कळेना. ठिपके आले तर बाईंची अकरा वर्षं बुडणार आणि माझीही. नाही आले, तर? मला आत काहीतरी हलतंय असं सारखं वाटत होतं. ऊब थोडी खाली आली की मी तारा तापवायला धडपडे, आणि तापल्या की वाटे, कुणाला उठवतोयस तू?

शनिवारी सकाळी आठला बाईंनी दार उघडलं. पहिली प्लेट उजेडात धरली. मग दुसरी. सहाही प्लेट त्यांनी टेबलावर मांडल्या आणि पेनाच्या टोकाने मोजायला लागल्या. एकीवर अकरा, एकीवर सात, एकीवर चौदा. मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट ठिपके. त्यांनी पुन्हा मोजले. आकडे तेच.

साहेब धापा टाकत आले. खाली गाडीत खोकी चढत होती.

"बाई, हा दीडचा आकडा तुमचा आहे. तुम्हीच काढलात, अकरा वर्षं सगळ्यांनी मानला. आता तुम्हीच खोडणार?"

"माझा आहे म्हणूनच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी कशाला खोडायचा?" त्यांनी हातातली प्लेट टेबलावर ठेवली. "खोकी उतरवा, साहेब. एकही पाकीट जाणार नाही. इस्पितळाला मी फोन करते."

साहेबांनी एक प्लेट उचलून ठिपके स्वतः मोजले. मग खिडकीतून त्यांनी खाली ओरडून सांगितलं, "उतरवा रे सगळं!" गाडीच्या चालकाने वैतागून टोपी आपटली. खोकी एक एक करून उतरली.

पुढे पाच महिने काम चाललं. या वेळी जंतूंना आधी उपाशी ठेवलं, गारठवलं, आंबवलं आणि मगच त्यांच्यावर किरण सोडले. यंत्राच्या पात्यामागची फट रोज उघडून घासायची पद्धत पडली. मांस गोठवून आणि पाकिटातली हवा काढून किरण सोडले तर वास कमी येतो असं दिसलं, आणि मात्रा वाढवता आली. इस्पितळाची गाडी मग गेली. सगळं मार्गी लागलं, असं लोक म्हणाले.

बाई मात्र स्वस्थ नव्हत्या. दीडच्या मात्रेवर गेलेल्या अकरा वर्षांचं काय? निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना त्यांनी जुनी पाकिटं जिथे जिथे गेली त्या ठिकाणांची यादी काढली आणि माझ्यासमोरच्या टेबलावर बसून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. चष्मिस लिहून घेई. खानावळवाले म्हणाले, आठवत नाही. वसतिगृहवाले म्हणाले, मुलांची पोटं काय, बिघडतातच. एकाने तर विचारलं, "बाई, तुमच्याकडं दुसरं काही काम नाही का?" बाई नाव लिहायला सांगत आणि पुढचा नंबर फिरवत.

सगळ्यात शेवटी म्हाताऱ्यांच्या आश्रमात फोन लागला. तिथल्या मावशी फोनवर आल्या. बाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. चष्मिसला लिहिता यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"तीन वर्षांपूर्वी दोन आज्या गेल्या," मावशी म्हणाल्या. "ताप आला, पोट बिघडलं, चार दिवसांत आटोपलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं."

"पाकिटातलं खाल्लं होतं त्यांनी?"

"खायच्या त्या. दात नव्हते ना, पातळ काप त्यांना आवडायचे. पण त्यानंच झालं असं आता कोण सांगणार?"

"कोणी नाही सांगू शकणार," बाई म्हणाल्या. "पण माझ्या हातून झालेलं असू शकतं. ते तुम्हाला माहीत असावं म्हणून फोन केला." चष्मिसचं पेन थांबलं होतं.

मग मावशी म्हणाल्या, "बाई, त्या गेल्या तेव्हा कुणी विचारायला आलं नव्हतं हो. त्यांची लेकरंही नाही. तुम्ही पहिल्या. त्यांची नावं सांगू का तुम्हाला?"

"सांगा," बाई म्हणाल्या आणि चष्मिसच्या हातून पेन घेऊन त्यांनी दोन्ही नावं स्वतः लिहिली.

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा. मी त्या दोघींना कधी पाहिलं नाही, आणि त्यांचं काय झालं हे मला कधीच कळणार नाही. याने माझा जीव अजूनही वरखाली होतो. तुम्ही मला पुसा, माझं रबर बदला, असं मागणं मी मागणार नाही. मागणं एकच आहे. तुमच्या हातचं कुणी खाल्लं, तुमच्या शब्दावर कुणी विसंबलं, तर ते बरे आहेत ना, हे जाऊन विचारा. उशीर झाला असेल, तरी विचारा. कोण जाणे, तिथं कुणीतरी नावं सांगायला थांबलेलं असेल.